घरगुती रीफ टँकमधील चपटे कृमी व त्यांचा बंदोबस्त

रीफ टँक म्हणजे खाऱ्या पाण्याच्या ज्या मत्स्यालयात जिवंत प्रवाळ वाढवले जातात ते मत्स्यालय. अशा टँकमध्ये नव्या प्रवाळाबरोबर किंवा जिवंत खडकाबरोबर (सूक्ष्मजीव वसलेल्या सच्छिद्र सागरी खडकाबरोबर) काही मिलिमीटर लांबीचे, पानासारखे चपटे कृमी नकळत येतात आणि परिस्थिती अनुकूल असल्यास थोड्याच काळात खडक, वाळू व काच व्यापून टाकतात. त्यांतील बरेचसे निरुपद्रवी असतात. म्हणून औषधाची बाटली उघडण्यापूर्वी कृमीची जात ओळखणे हे या कामातील सर्वांत महत्त्वाचे पाऊल होय.

टँकमध्ये सर्वाधिक आढळणारा गंजासारख्या तांबूस रंगाचा कृमी कॉन्व्होल्युट्रिलोबा या प्रजातीतील असून त्याचे मागचे टोक तीन भागांत विभागलेले दिसते. ही प्रजाती १९८८ मध्ये प्रथम वर्णिली गेली. ती एसीला या गटात मोडते, आणि हा गट खऱ्या चपट्या कृमींपासून वेगळा असल्याचे जनुकीय अभ्यासांतून पुढे आले आहे; तरी मत्स्यपालक त्यास फ्लॅटवर्मच म्हणतात. त्याच्या शरीरात सहजीवी शैवाल असल्यामुळे तो उजेडाच्या जागी गोळा होतो, आणि मागच्या टोकाला नवे जीव अंकुरित करून अलैंगिक रीतीने वाढतो. एकच कृमी मागे राहिला तरी प्रादुर्भाव पुन्हा उद्भवतो तो यामुळेच. हा कृमी प्रवाळ खात नाही, मात्र प्रवाळावर त्याचा दाट थर बसल्यास प्रकाश अडतो. वामिनोआ प्रजातीचे तपकिरी, गोलसर कृमी मात्र थेट प्रवाळावरच राहतात.

खरा धोका तांबड्या कृमीच्या मरणात आहे. मरताना त्याच्या शरीरातून विषारी द्रव्य पाण्यात मिसळते, आणि हजारो कृमी एकाच वेळी मेल्यास मासे व प्रवाळ दगावू शकतात. त्यामुळे औषधापूर्वी बारीक नळीने सायफन करून, पाणी दाट कापडी फिल्टरमधून गाळत, शक्य तितके कृमी अनेक दिवस काढत राहावे. या कंटाळवाण्या कामाला पर्याय नाही. त्यानंतर लेव्हामिसोलवर आधारित कृमिनाशक देतात. जनावरांच्या जंतांवर वापरले जाणारे हेच द्रव्य कृमींचे स्नायू लुळे पाडते. औषध देताना स्किमर (फेसातून घाण काढणारे यंत्र) व सक्रिय कार्बन (पाण्यातील द्रव्ये शोषणारा कोळसा) बंद ठेवावे, सुटून तरंगणारे कृमी लगेच ओढून घ्यावेत आणि मग ताजा कार्बन घालून मोठ्या प्रमाणात पाणी बदलावे. वाचलेल्या कृमींसाठी काही दिवसांनी दुसरी मात्रा द्यावी लागते.

नागपुरात या शेवटच्या पायरीची तयारी आधीच करावी लागते, कारण समुद्र शेकडो किलोमीटर दूर आहे आणि बदलाचे पाणी आरओच्या पाण्यात समुद्री मीठ विरघळवूनच बनवावे लागते. ३०० लिटरच्या टँकचे ३० टक्के पाणी बदलायचे तर ९० लिटर पाणी व ३ किलोंहून अधिक मीठ हाताशी हवे, आणि हे पाणी आदल्या दिवशीच ढवळून, टँकच्या तापमानाला आणून ठेवावे. ऋतूही पाहावा. मे महिन्यात शहराचा पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. चिलर (पाणी थंड करणारे यंत्र) नसलेला टँक ३० अंशांपलीकडे जातो आणि तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. पृष्ठभागावर पंखा लावल्यास विदर्भाच्या कोरड्या हवेत पाणी चांगले थंड होते, पण बाष्पीभवनाने वाढणारी क्षारता गोडे आरओ पाणी घालून रोज सावरावी लागते. अशा ताणाखालील टँकमध्ये विषाचा धक्का अधिक घातक ठरतो. म्हणून औषधोपचार नोव्हेंबर ते फेब्रुवारीत, हीटरने तापमान स्थिर राखून करणे इष्ट.

सिक्स-लाइन रॅस, मेलानुरस रॅस किंवा मँडरिन मासा काही वेळा हे कृमी खातो. परंतु एकाच जातीचे सगळे मासे ते खातील याची शाश्वती नाही. निळसर काळी मखमली गोगलगाय, केलिडोन्युरा व्हेरियन्स, केवळ असे कृमीच खाते आणि ते संपल्यावर तिची उपासमार होते. तिला आणण्यापूर्वी पुढची सोय ठरवलेली असावी.

ॲक्रोपोरा हे फांद्यांचे कठीण प्रवाळ खाणारा चपटा कृमी प्रोस्थिओस्टोमम ॲक्रोपोरी हा निराळा आणि फार गंभीर प्रश्न आहे. तो जवळजवळ पारदर्शक असल्याने डोळ्यांना दिसत नाही. फिकट पडलेली फांदी, गोल चाव्यांचे ठसे आणि बुंध्याजवळच्या उघड्या सांगाड्यावरील तपकिरी अंड्यांचे पुंजके हीच त्याची खूण. प्रवाळ आयोडीनच्या किंवा तयार औषधी द्रावणात बुडवल्यावर कृमी गळून पडतात, पण अंडी टिकतात. म्हणून ती खरवडून काढावीत आणि प्रवाळ वेगळ्या टँकमध्ये ठेवून, नवी पिले वयात येण्याआधीच, दर आठवड्याला ही प्रक्रिया कित्येक आठवडे करावी. मुख्य टँक तेवढा काळ ॲक्रोपोरारहित ठेवल्यास तेथील कृमी उपाशी मरतात.

बाहेरगावाहून पिशव्यांत येणारा प्रत्येक प्रवाळ याच रीतीने विलग ठेवून तपासावा. भारतीय समुद्रातील कठीण प्रवाळांना वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या अनुसूचीत संरक्षण असल्याने ते बाळगणे बेकायदेशीर आहे; खरेदीच्या वेळी प्रवाळाच्या उगमाची कागदपत्रे मागावीत.