इंग्रजी क्रियापदांच्या रूपांमधले बारीक फरक

इंग्रजीत क्रियापदाचं रूप बदललं की नुसता काळ बदलत नाही, बोलणारा त्या गोष्टीकडे आत्ता कसं बघतोय तेही बदलतं, आणि हे मराठी माणसाला फार अवघड जातं असं सगळे म्हणतात पण त्यातलं निम्मं तर आपल्या बोलण्यात आधीपासूनच आहे.

सांगलीत पावसाळ्यात आयर्विन पुलावर कृष्णेचं पाणी बघायला लोक जमतात, तिथं नुसतं ऐका. 'रात्री पाणी वाढलं' म्हणजे वाढलं, झालं, पुढं उतरलं पण असेल. 'पाणी वाढलंय' म्हणजे ते अजून समोर आहे, सामान माळ्यावर टाकायला घ्या. 'द वॉटर रोज' आणि 'द वॉटर हॅज रिझन' यात जवळपास हाच फरक, पहिलं सिंपल पास्ट, दुसरं प्रेझेंट परफेक्ट. पुलाजवळ 40 फूट इशारा पातळी आणि 45 फूट धोका पातळी, त्यामुळं 'हॅज क्रॉस्ड 40 फीट' ऐकलं की पाणी आत्ता 40 च्या वर आहे असंच कुणीही धरणार. 2019 च्या महापुराबद्दल मात्र 'क्रॉस्ड 45 फीट इन 2019', तिथं हॅज लावायचं नाही.

घोळ इथंच होतो, कारण मराठीत 'कालच पाणी वाढलंय' बिनधास्त चालतं, पण इंग्रजीत यस्टरडे, लास्ट वीक असा संपलेला वेळ सांगितला की प्रेझेंट परफेक्ट बाद. दुसरी चूक अजून कॉमन आहे, 'सकाळपासून पाणी वाढतंय' याचं आपण सरळ 'इज रायझिंग सिन्स मॉर्निंग' करतो, पाहिजे 'हॅज बीन रायझिंग'. मराठीत 'पासून' एवढा एक शब्द मागचा सगळा वेळ सांगून टाकतो, इंग्रजीत सिन्स असूनही क्रियापदाला ते परत सांगावं लागतं.

'ही हॅज गॉन टू सातारा' म्हणजे साताऱ्याला गेलाय, अजून तिकडंच आहे. 'ही हॅज बीन टू सातारा' म्हणजे जाऊन आलाय, कंदी पेढे आणलेत का विचारा. 'जाऊन येणे' हे आपलं इतकं नेमकं रूप आहे की शिकवताना ते पहिलं सांगायला पाहिजे.

तसंच 'स्टॉप्ड टू ड्रिंक टी' म्हणजे चहा प्यायला थांबला, 'स्टॉप्ड ड्रिंकिंग टी' म्हणजे चहा सोडला.

अमेरिकेत 'डिड यू ईट यट' सर्रास बोलतात, ब्रिटनमध्ये तिथं 'हॅव यू ईटन यट' जास्त. आपल्याकडं व्याकरण ब्रिटिश वळणाचं शिकवतात, म्हणून पोरांनी पिक्चरमध्ये ऐकलेलं पहिलं वाक्य चूक धरलं जातं, ते धरू नये.