शालेय इतिहास-संशोधन प्रकल्प (सातारा-सांगली परिसर)

शाळकरी मुलांनी एखादा ऐतिहासिक प्रश्न हाती घ्यायचा, त्याचे उत्तर अस्सल साधनांतून स्वतः शोधायचे, ते निबंध, प्रदर्शन, माहितीपट किंवा नाट्यरूपाने मांडायचे आणि परीक्षकांसमोर त्याचे समर्थन करायचे, अशी ही अध्यापनाची व स्पर्धेची पद्धत आहे. प्रश्न नेमका करून देणे, साधनापर्यंतची वाट दाखवणे आणि मुलाच्या प्रत्येक विधानाला 'हे कशावरून?' असे विचारत राहणे, हे यात मार्गदर्शक शिक्षकाचे काम असते.

स्पर्धेचे आजचे रूप मुख्यतः परदेशात घडले. अमेरिकेतील 'नॅशनल हिस्टरी डे' १९७४ साली क्लीव्हलँडच्या केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठात स्थानिक उपक्रम म्हणून सुरू झाला. तिथे दरवर्षी एक सूत्र दिले जाते आणि शोधनिबंध, प्रदर्शन, माहितीपट, सादरीकरण व संकेतस्थळ या पाच प्रकारांत प्रकल्प मांडता येतो. सोबत ५०० शब्दांपर्यंतचे टिपण द्यावे लागते. विषय कसा निवडला, शोध कसा घेतला, हे त्यात मुलांनीच लिहायचे असते. साधनांची यादी प्राथमिक आणि दुय्यम अशी विभागून, प्रत्येक साधनाचा उपयोग काय झाला ते नोंदवून द्यायची असते. जर्मनीत राष्ट्राध्यक्षांच्या नावाने भरणारी इतिहास स्पर्धा १९७३ पासूनची आहे. महाराष्ट्रात 'आविष्कार' हे संशोधन संमेलन २००६ पासून होते, पण ते विद्यापीठ पातळीवरचे. शाळांना विज्ञान प्रदर्शनाची तालुका, जिल्हा, राज्य अशी रुळलेली वाट आहे. इतिहासाच्या वाट्याला मात्र दिवाळीतला किल्ला, वेशभूषा आणि वक्तृत्व एवढेच येते. हे सगळे चांगलेच, पण त्यात शोध घ्यावा लागत नाही.

खरे तर या परिसराला शोधाची परंपरा आहे. मिरजेच्या शाळेत संस्कृत शिकवणारे वासुदेवशास्त्री खरे यांनी नोकरी सांभाळून पटवर्धन सरदारांचे दप्तर, म्हणजे जुन्या कागदपत्रांचा साठा, वाचला आणि त्यातून 'ऐतिहासिक लेखसंग्रह' खंडशः प्रसिद्ध केला. मराठेशाहीच्या उत्तरकाळाचा अभ्यास त्यावाचून होत नाही. इतिहाससंशोधक वि. का. राजवाडे यांनाही वाईत जुन्या कागदांचा मोठा साठा हाती लागला. म्हणजे शाळामास्तराने दप्तर उघडणे ही इथे नवलाची गोष्ट नाही.

प्रकल्पाचे यश बरेचसे प्रश्नाच्या निवडीवर ठरते. 'शिवाजी महाराजांचे कार्य' किंवा 'क्रांतिसिंह नाना पाटील' हे विषय मुले आनंदाने घेतात, पण त्यांवर लिहायला बसली की छापील पुस्तकातला मजकूरच उतरतो. तोच विषय लहान केला की शोधाला जागा मिळते. '१९४३ साली आमच्या गावात भूमिगत कार्यकर्ते कोणाच्या घरी जेवत, आणि ते जेवण कोण रांधत होते?' असा प्रश्न विचारला की प्रतिसरकारचा, म्हणजे ब्रिटिश राजवटीला समांतर चालवलेल्या भूमिगत सरकारचा, इतिहास गावच्या वेशीत येतो आणि ज्या बायकांची नावे कुठल्या स्तंभावर नाहीत त्या समोर येतात. अपशिंगे (मिलिटरी) या गावचे ४६ जण पहिल्या महायुद्धात कामी आले. त्यांच्या मागे राहिलेल्या घरांचे काय झाले, हाही एक प्रकल्प होतो. खानापूर-आटपाडीकडचे गलाई व्यावसायिक सोने-चांदी गाळण्यासाठी देशभर कसे पांगले, कोयना धरणात गाव गेल्यावर कोणते कुटुंब कुठे वसले, हरिपूरच्या पेवांत (जमिनीखालच्या कोठारांत) हळद कशी साठवली जाई, मिरजेच्या मिशन हॉस्पिटलात खेड्यापाड्यांतले रुग्ण कसे पोहोचत, असे विषय इथल्या प्रत्येक तालुक्यात आहेत. कसोटी एकच : पंधरा वर्षांच्या मुलाला त्या विषयाचे निदान एक अस्सल साधन एसटीने जाऊन पाहता आले पाहिजे.

साधन कुठे शोधायचे हे ठरवताना जुन्या हद्दी माहीत असाव्या लागतात, आणि मार्गदर्शकाची खरी मदत इथेच होते. आजचा सांगली जिल्हा १९४९ साली 'दक्षिण सातारा' म्हणून वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. त्यामुळे १९४२ च्या तासगावचे किंवा इस्लामपूरचे सरकारी कागद त्या काळच्या सातारा जिल्ह्याच्या नावाने शोधावे लागतात. सांगली, मिरज, जत ही तर संस्थाने होती. कुंडल आणि आटपाडी औंध संस्थानात होती. चारी बाजूंनी ब्रिटिश मुलूख आणि मध्ये औंधचे कुंडल, ही भौगोलिक गोष्ट लक्षात आली की तिथे चळवळीला आसरा का मिळाला याचा मुलांना उलगडा होतो. नकाशा आधी आणि कागद नंतर, हा क्रम म्हणूनच सोयीचा पडतो.

सर्वांत जवळचे साधन बहुधा मुख्याध्यापकांच्या कपाटात असते : शाळेचे जनरल रजिस्टर. साताऱ्याच्या गव्हर्न्मेंट हायस्कुलात, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कुलात, ७ नोव्हेंबर १९०० रोजी भिवा रामजी आंबेडकर हे नाव दाखल झाले. रजिस्टरातला क्रमांक १९१४. त्या एका ओळीमुळे हा दिवस राज्यात विद्यार्थी दिन म्हणून पाळला जातो. प्रत्येक जुन्या शाळेत असे रजिस्टर असते. नाव, जात, जन्मतारीख, आधीची शाळा, शाळा सोडल्याची तारीख आणि कारण असे रकाने त्यात असतात. मुलांना तीस-चाळीस वर्षांच्या नोंदी वहीत उतरवायला लावल्या की दोन गोष्टी लगेच डोळ्यांत भरतात. एक म्हणजे मुली कोणत्या इयत्तेनंतर दिसेनाशा होतात. दुसरी म्हणजे कितीतरी मुलांची जन्मतारीख १ जून. शाळेत घेताना वय बसावे म्हणून गुरुजींनीच तारीख घातली, हे घरोघरी माहीत असते. पण ते रजिस्टरात पाहिल्यावर मुलाला कळते की सरकारी कागदही कोणीतरी, काहीतरी गरजेपोटी लिहिलेला असतो. साधनचिकित्सेचा याहून सोपा पाठ नाही.

गावचे जुने फेरफार (जमिनीच्या हक्कांतील बदलांच्या नोंदी), कोतवाल बुकातल्या जन्म-मृत्यूच्या नोंदी आणि घरातली खरेदीखते ही पुढची पायरी. जातीच्या दाखल्यासाठी जुनी नोंद शोधताना अनेक घरांनी हे दप्तर पाहिलेले असते. विसाव्या शतकाच्या पहिल्या निम्म्यातले बरेच कागद मोडी लिपीत आहेत. नववीतल्या मुलाला चिकाटीने मोडीची ओळख करून घेता येते, पण सबंध दस्त लावणे जाणकाराचेच काम. वाचून कोणी दिले त्याचा उल्लेख प्रकल्पात हवाच.

शिलालेखाबाबत आधी वाचन, मग मोजणी, असे करावे. साताऱ्याजवळ लिंब येथील बारा मोटांच्या विहिरीवरील लेखात वीरूबाईंचे नाव आणि शके १६४१ ते १६४६ हा काळ येतो. शकात ७८ मिळवले की १७१९ ते १७२४ ही इसवी सने मिळतात. (पौषाच्या मध्यापासून फाल्गुनअखेरपर्यंतची तिथी असेल तर बहुधा ७९ मिळवावे लागतात.) नावात बारा असले तरी मोटांच्या जागा पंधरा आहेत. मुलांनी त्या स्वतः मोजाव्यात.

मौखिक साक्ष हा या परिसरातला सर्वांत मोठा आणि सर्वांत वेगाने संपत चाललेला ठेवा आहे. प्रतिसरकारचा काळ प्रत्यक्ष पाहिलेली माणसे आता फार थोडी उरली. कोयनेचा भूकंप आठवणारी अजून आहेत. मुलाखतीला जाण्याआधी मुलांनी लेखी प्रश्न तयार करावेत, आजी-आजोबांची परवानगी घ्यावी, मोबाइलवर ध्वनिमुद्रण करताना तारीख, गाव व नाव सुरुवातीलाच बोलून घ्यावे. जुन्या माणसांना सन विचारू नये. 'दुष्काळाच्या आधी का नंतर?', 'थोरली तेव्हा चालत होती का?' असे विचारले की काळ आपोआप लागतो. उतरवून घेताना त्यांची बोली शाळेच्या भाषेत बदलू नये. 'लई हादरलं, भांडी खाली आली' हे वाक्य तसेच राहू द्यावे. त्याची पडताळणीही करावी : भूकंप ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे, चार वाजून गेल्यावर झाला. साक्षीदार दुपारचे सांगत असेल तर तो बहुधा दुसऱ्या धक्क्याबद्दल बोलत आहे, आणि मग आणखी विचारायला हवे.

साधने एकमेकांना छेद देतात तिथे प्रकल्प रंगतो. ७ जून १९४३ ची शेणोलीची रेल्वे लूट किंवा १९४४ मधली धुळ्याच्या सरकारी खजिन्याची लूट सरकारच्या लेखी दरोडा होता, गावाच्या लेखी देशकार्य. घाबरलेला मार्गदर्शक यातली एक बाजू खोडून टाकतो. दोन्ही ठेवून, कोण कोणत्या कारणाने काय लिहितो ते मुलांना मांडू द्यावे. गांधीहत्येनंतर १९४८ मध्ये या भागात झालेल्या जाळपोळीसारखा विषय अधिक नाजूक. अनेक वाड्यांबरोबर घरातले कागदही तेव्हा गेले, त्यामुळे काही प्रकल्पांत तो टाळताच येत नाही. अशा वेळी जिवंत कुटुंबांची नावे न छापणे आणि मुलांना एकटे मुलाखतीला न पाठवणे ही जबाबदारी शिक्षकाचीच.

मदतीची मर्यादा कडक असावी. तयार तक्ते आणि प्रकल्पवह्या बाजारात मिळतात, पालक रात्री जागून मजकूर लिहून देतात, आणि आता यंत्राकडूनही तो लिहून घेता येतो. परीक्षक मुलाला बाजूला घेऊन 'हा कागद कुठे पाहिलास? त्याच्या मागच्या बाजूला काय होते?' असे विचारतात, तेव्हा स्वतः शोधणारे मूल सांगत सुटते. शिक्षकाने मसुदा दुरुस्त करण्याऐवजी समासात प्रश्न लिहावेत. शुद्धलेखन मुलाने शेवटी तपासावे.

घरातून आणलेला कागद छायाचित्र काढून त्याच दिवशी परत द्यावा. गोंद किंवा लॅमिनेशन त्याला लावू नये. स्पर्धा संपल्यावर प्रकल्पाची एक प्रत शाळेत, एक गावच्या वाचनालयात आणि ध्वनिमुद्रण साक्ष देणाऱ्याच्या घरी पोहोचवावे. कृष्णाकाठच्या गावांनी २००५, २०१९ आणि २०२१ चे पूर पाहिले आहेत, त्यामुळे त्यातली एक प्रत पूररेषेच्या वर ठेवणे आवश्यक ठरते.