लॅपटॉप जळत नाही, कारण स्विच आधी विचारतो

घरच्या नेटवर्कसाठी छोटा सर्व्हर रॅक, म्हणजे उपकरणं एकावर एक बसवायची चौकट, बांधायचा विषय निघाला की कुणीतरी हमखास बजावतं, ‘पीओई स्विच घेऊ नका. पोर्टातून ४८ व्होल्ट येतात, चुकून लॅपटॉप लावलात तर बोर्ड गेलाच!’ पीओई स्विच म्हणजे नेटवर्कच्या केबली एकत्र जोडणारी आणि त्याच केबलींतून उपकरणांना वीजही देणारी पेटी. मानकाप्रमाणे बनवलेल्या स्विचच्या बाबतीत ही भीती खोटी आहे. ती खोटी का, हे या अख्ख्या रॅकमधलं माझं सर्वांत आवडतं प्रकरण.

रॅकचं आधी उरकून घेऊ. मोठे रॅक १९ इंची असतात, घराला १० इंची पुरतो. उंची ‘यू’मध्ये मोजतात, १ यू म्हणजे ४४.४५ मिलिमीटर. प्लायची चौकट आणि पुढे ॲल्युमिनियमच्या दोन एल-पट्ट्या एवढ्यावर काम भागतं. फक्त उपकरणांच्या स्क्रूंची भोकं समान अंतरावर पाडू नका. १५.९, १५.९ आणि मग १२.७ मिलिमीटर असा त्यांचा क्रम असतो. सरसकट १५ धरलंत तर वरची एकदोन उपकरणं बसतात, खालची बसत नाहीत. पाठ उघडी ठेवा. विदर्भातल्या मे महिन्यात बंद खोक्यातला पंखा गरम हवाच ढवळत बसतो.

आता पीओई, म्हणजे पॉवर ओव्हर इथरनेट. ज्या केबलमधून डेटा जातो तिच्यातूनच वीजही पाठवायची, म्हणजे ॲक्सेस पॉइंट (वायफाय पसरवणारी डबी), कॅमेरा, रास्पबेरी पाय हा चिमुकला संगणक यांच्या अडॅप्टरांचं जंजाळ सुटतं. याचं पहिलं मानक आयईईई या अभियंत्यांच्या जागतिक संघटनेने २००३ मध्ये आणलं, ८०२.३एएफ. दाराला साखळी लावून फटीतून ‘कोण?’ विचारावं, तसं स्विच इथे वागतो. पोर्टावर आधी ३ ते १० व्होल्टच्या दरम्यानचा किरकोळ दाब देऊन किती धारा वाहते ते पाहतो. पीओई घेणाऱ्या उपकरणात २५ किलोओहमच्या आसपासचा रोध मुद्दाम बसवलेला असतो. तीच त्याची ओळख.

पण एकदा मोजून भागत नाही. उपकरणाच्या तोंडाशी डायोड, म्हणजे वीज एकाच दिशेने जाऊ देणारे भाग, असतात आणि ते थोडे व्होल्ट स्वतःच खातात. समजा, १ व्होल्ट खाल्ला. मग ४ व्होल्टला धारा ०.१२ मिलिॲम्पिअर, ८ व्होल्टला ०.२८. ओहमच्या नियमाने रोध काढा: एकदा ३३ किलोओहम येतो, एकदा २८.६. दोन्ही चूक! स्विच म्हणून फरकांचा भागाकार करतो. ४ व्होल्टचा फरक भागिले ०.१६ मिलिॲम्पिअरचा फरक, उत्तर नेमकं २५. डायोडने खाल्लेला व्होल्ट वजाबाकीत उडून गेला. दहावीच्या भूमितीतला रेषेचा चढ तो हाच.

लॅपटॉपच्या पोर्टात असा रोध नसतो. उत्तर जुळत नाही, ४८ व्होल्ट सुटतच नाहीत. चालू कॅमेऱ्याची केबल काढून लॅपटॉपला लावली तर? धारा १० मिलिॲम्पिअरच्या खाली गेली की अर्ध्या सेकंदाच्या आत पुरवठा तुटतो, आणि चौकशी पुन्हा पहिल्यापासून.

हे सौजन्य सगळ्यांकडे नसतं. २४ व्होल्टचे स्वस्त ‘पॅसिव्ह’ इंजेक्टर, म्हणजे केबलीत वीज घालणाऱ्या सुट्या डब्या, काहीही न विचारता वीज सोडतात. भीती बाळगायची तर त्यांची.

मुळात ४८ व्होल्टच का? तारेतली नासाडी धारेच्या वर्गाच्या पटीत वाढते, म्हणून व्होल्ट जास्त आणि धारा कमी ठेवायची. २००३ च्या मानकात स्विच १५.४ वॅट देतो, धारा ०.३५ ॲम्पिअर, आणि १०० मीटर केबलचा जाऊन-येऊन रोध २० ओहम धरलेला. ०.३५ चा वर्ग गुणिले २० म्हणजे २.४५ वॅट वाटेत जिरले. उरले १२.९५, आणि मानकात उपकरणासाठी हाच आकडा छापलेला आहे. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची केबल इथे महागात पडते. ॲल्युमिनियमची रोधकता तांब्याच्या दीडपटीहून जास्त असते.

अस्सल तांब्याच्या केबलीवर खर्च करायचा सोडून काहीजण राउटरवर ‘रेडिएशन-रोधक’ स्टिकर चिकटवतात. २०२० मध्ये तर गोसंवर्धनासाठीच्या सरकारी राष्ट्रीय कामधेनू आयोगाने मोबाइलचं रेडिएशन कमी करायला म्हणून शेणाची चिपच आणली होती. स्टिकरने खरोखर लहरी अडवल्या असत्या, तर आधी वायफाय बंद पडलं असतं.

वीज एकाच ठिकाणाहून निघत असल्यामुळे एक यूपीएस रॅकमध्ये ठेवला की लाइट गेली तरी छतावरचा ॲक्सेस पॉइंटही चालू राहतो. आणि तो अडकलाच तर शिडी काढायला नको. मॅनेज्ड स्विच असेल तर ब्राउझरमध्ये त्याचं पान उघडून त्या पोर्टाची वीज बंद-चालू करायची.