कॅरन: कातळावरच्या आयरिश पॅरिशची पार्श्वभूमी

आयर्लंडच्या पश्चिमेला क्लेअर काउंटीत बरन नावाचा भाग आहे, मूळ आयरिश शब्दाचा अर्थच खडकाळ जागा, आणि त्यातलंच एक पॅरिश म्हणजे कॅरन. पॅरिश म्हणजे एका चर्चशी बांधलेला गावांचा परिसर, पण तिथली माणसं स्वतःची ओळख सांगताना आजही पॅरिशचं नाव घेतात.

फोटो बघितला तर वाटतं इथे काय पिकणार, नुसता राखाडी चुनखडक. हा खडक 33 कोटी वर्षांपूर्वीच्या उथळ उबदार समुद्रात तयार झाला, नंतर हिमनद्यांनी तो घासून काढला, तरी त्यावर माती आणि पाइनची झाडं होती, ती तोडली गेली, चराई वाढली आणि माती भेगांमध्ये वाहून गेली असं मानतात. म्हणजे हा उजाडपणा बराचसा माणसाचाच. जवळच पोलनाब्रोनची दगडी कबर आहे, 1980च्या दशकात तिथे उत्खनन झालं तेव्हा 30हून जास्त माणसांचे अवशेष निघाले, 5000 वर्षांपेक्षा जुने.

पाणीसुद्धा इथे वेगळंच वागतं. नद्या जमिनीखालून वाहतात, आणि कॅरनच्या मोठ्या खोलगट भागात पाऊस वाढला की खालूनच पाणी वर येऊन तळं होतं, उन्हाळ्यात तिथेच गवत. याला टर्लोक म्हणतात, शब्दशः कोरडं तळं.

1651च्या सुमारास, आयर्लंड जिंकायला निघालेल्या इंग्रज सत्ताधारी क्रॉमवेलचा सेनानी लडलो इथे आला, त्याने लिहिलं की माणूस बुडवायला पाणी नाही, फाशी द्यायला झाड नाही, पुरायला माती नाही. हे वाक्य सगळीकडे फिरतं, पण त्याचा पुढचा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो, की इथली गुरं मात्र चांगली धष्टपुष्ट आहेत, कारण दगडांमधलं गवत गोड आणि पौष्टिक आहे. दुसरीकडे गुरं उन्हाळ्यात डोंगरावर नेतात, इथे उलटं, हिवाळ्यात नेतात, कारण खडक ऊब धरून ठेवतो आणि पायाखाली चिखल होत नाही. याला विंटरेज म्हणतात. गुरांनी हिवाळ्यात जुनं गवत खाल्लं की वसंतात जेन्शियन या निळ्या रानफुलाला उजेड मिळतो. मधल्या काळात गोठ्यातच चारा द्यायची पद्धत वाढली तशी हेझलची झुडपं पसरली, म्हणून 2005 पासून शेतकऱ्यांना सोबत घेऊन ही चराई परत नीट सुरू करायचा प्रकल्प झाला.

याच कॅरनमध्ये 1847 साली, बटाट्याचं पीक बुडून आयर्लंडमध्ये पडलेल्या मोठ्या दुष्काळाच्या सगळ्यात वाईट वर्षी, मायकल क्युसॅक जन्मला, आयरिश बोलणाऱ्या घरात. 1884 मध्ये त्याने पुढाकार घेऊन गेलिक अ‍ॅथलेटिक असोसिएशन, म्हणजे आयर्लंडच्या पारंपरिक खेळांची संघटना, उभी केली, आणि तिचे क्लब आजही बहुतेक ठिकाणी पॅरिशनुसारच असतात.