मंगोल घोडी आणि हंगेरीतला ओला दुष्काळ

1241-42 चा हिवाळा. हंगेरीत डॅन्यूब नदी गोठलेली. पूर्वेच्या काठावर मंगोल फौज, पश्चिमेला जीव मुठीत धरून बसलेले लोक. बर्फ घोड्यांचं वजन पेलेल का, याचा मंगोलांना अंदाज येईना. त्यांनी आपली काही गुरं-घोडी काठावर मोकळी सोडली आणि तीन दिवस तिकडे फिरकलेच नाहीत. शत्रू गेला असं समजून पलीकडचे लोक आले आणि जनावरं बर्फावरून हाकत घेऊन गेले. बर्फ पक्का आहे हे कळलं, फौज नदीपार झाली! त्याच काळात हंगेरीत असलेल्या रोजेरियस या धर्मगुरूने ही हकीकत लिहून ठेवली आहे.

आदल्या एप्रिलमध्ये याच मंगोलांनी पोलंडमध्ये लेग्निका आणि हंगेरीत मोही इथे अवघ्या दोन दिवसांच्या अंतराने युरोपीय फौजांचा धुव्वा उडवला होता. आणि नदी ओलांडल्यावर काही महिन्यांतच, 1242 च्या वसंतात, ते माघारी फिरले. का?

ठरलेलं उत्तर असं: चंगीझखानाचा मुलगा, खाकान म्हणजे मंगोलांचा सम्राट ओगेदेई, 11 डिसेंबर 1241 रोजी वारला. नवा खाकान कुरिलताईत, म्हणजे राजघराण्याच्या सभेत, निवडायचा, म्हणून सगळे राजपुत्र परतले. मला हे उत्तर जरा जास्तच सोयीचं वाटतं. मोहिमेचा प्रमुख बातू, चंगीझचा नातू, मंगोलियात गेलाच नाही. ओगेदेईचा मुलगा गुयुक आणि बातू यांचं मोहिमेतल्या एका मेजवानीत वाजलं होतं; बातूने आधी प्याला उचलला एवढंच निमित्त. गुयुकची आई तोरेगेने पाच वर्षं कारभार रेटत राहिली, 1246 मध्ये गुयुक खाकान झाला, तेव्हाही बातू तिथे नव्हता.

मग घोड्यांकडे बघायला हवं. दर स्वारामागे तीन-चार तरी घोडी, म्हणजे 10 हजार स्वारांच्या एका तुमानला, म्हणजे तुकडीला, तीस-चाळीस हजार. दाण्याची सोय नाही, चरायचं ते कुरणातच. उल्फ ब्युंटगेन आणि निकोला डी कॉस्मो या संशोधकांनी 2016 मध्ये झाडांच्या वाढीच्या कड्यांवरून त्या वर्षांचं हवामान मांडलं. आधीचे काही उन्हाळे उबदार, कोरडे. 1242 ची सुरुवात मात्र थंड आणि ओली. हंगेरीचं सपाट मैदान दलदल झालं. आपल्याकडे याला ओला दुष्काळ म्हणतात. सेकेशफेहेरवार हे शहर तर बर्फ वितळून भोवती चिखल झाल्यामुळेच वाचलं. पळून गेलेल्या हंगेरीच्या राजा बेलाच्या मागावर मंगोल राजपुत्र कादान एड्रियाटिक समुद्रकाठच्या दाल्मेशियात उतरला तो फौजेचा एक भागच घेऊन, कारण मार्चच्या सुरुवातीला सगळ्या घोड्यांना पुरेल एवढं गवत नव्हतं. ही नोंद दाल्मेशियातल्या स्प्लिट शहराच्या थॉमस या धर्मगुरूची.

गंमत म्हणजे याच पावसाने आधी मंगोलांना हात दिला होता. मध्य मंगोलियात खोर्गो इथे जुन्या लाव्ह्याच्या खडकांवर सैबेरियन पाइन उभे आहेत. माती जवळजवळ नाहीच, त्यामुळे ज्या वर्षी पाऊस बरा, त्या वर्षीची कडी रुंद. नील पेडरसन, एमी हेसल आणि सहकाऱ्यांना त्यात 1211 ते 1225 अशी सलग 15 ओली वर्षं सापडली. हजारभर वर्षांत असा काळ दुसरा नाही. रुक्ष गवताळ प्रदेशात पाऊस वाढला की गवत वाढतं, घोडी वाढतात. चंगीझच्या मोठ्या मोहिमा नेमक्या याच वर्षांतल्या. हंगेरीच्या सखल मैदानात मात्र तेच पाणी साचून राहिलं.

ब्युंटगेन-डी कॉस्मो यांच्या निष्कर्षावर लगेच हरकतीही आल्या: एका ओल्या वसंताने एवढी मोठी माघार होते का? रास्त शंका आहे. हंगेरीतल्या एस्टरगोमचा दगडी बालेकिल्ला मंगोलांना घेता आला नव्हता, हेही विसरून चालणार नाही. पण बातू गेला कुठे हे पाहिलं की गवताची बाजू मला जड वाटते. तो रशियातल्या व्होल्गा नदीकाठच्या गवताळ प्रदेशात स्थिरावला. वर्षाच्या सुरुवातीला कळप नदीच्या काठाकाठाने वर, थंड भागात, आणि ऑगस्टपासून परत खाली. सोबत अख्खी छावणी, गाड्यांवर लादलेल्या तंबूंसकट.