ऑक्सिजनचं मशीन आणि बायपॅप : रात्री फ्लो वाढवण्याआधी

राजारामपुरीतला फ्लॅट असो की गगनबावड्याकडचं घर, सीओपीडीचा (फुफ्फुसाच्या श्वासनलिका कायमच्या अरुंद होण्याच्या आजाराचा) पेशंट घरी ऑक्सिजनची नळी लावून झोपत असेल तर एक वाक्य हमखास कानावर येतं : "रात्री आबांचं ऑक्सिमीटर ८५ दाखवत होतं, म्हणून फ्लो दोनाचा चार लिटर केला." डॉक्टरांनी लिहून दिलेलं बायपॅप, म्हणजे मास्कमधून श्वासाला दाब देणारं मशीन, त्याच खोलीत टॉवेल टाकून झाकलेलं असतं. एक ऑक्सिजनचं मशीन चालू आहे की, मग दुसरं कशाला?

ऑक्सिजनचं मशीन, म्हणजे कॉन्सन्ट्रेटर, तुमच्या ओळखीचा आहे. खोलीतल्या हवेतला नायट्रोजन अडवून तो नव्वद टक्क्यांच्या वर ऑक्सिजन नळीतून देतो. ज्यांना कायमचा लागतो त्यांनी दिवसाचे किमान १५ तास घ्यायचा, रात्र धरून. बायपॅप ऑक्सिजन बनवतच नाही. खोलीतलीच हवा ते दाबाने आत ढकलतं, श्वास घेताना जास्त दाब, सोडताना कमी. गरज पडल्यास ऑक्सिजनची नळी त्यालाच जोडतात. आवाज, किंमत, मास्कचा त्रास हे फरक दोन दिवसांत कळतात.

घोळ होतो तो कार्बन डायऑक्साइडपाशी. ऑक्सिजन आत घेणं आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकणं ही फुफ्फुसाची दोन वेगळी कामं. फ्लो वाढवला की पहिलं सुधारतं. दुसऱ्यासाठी छातीतली हवा हलावी लागते. झोपेत श्वास उथळ होतो, स्वप्नांच्या झोपेत तर जवळपास सगळा भार छाती आणि पोट यांमधल्या पडद्यावर येतो, आणि सीओपीडीत तो पडदा आधीच चपटा होऊन थकलेला असतो. अशा वेळी फ्लो वाढवला की ऑक्सिमीटरवर ९७ येतं, घर निर्धास्त झोपतं आणि आत कार्बन डायऑक्साइड साठत राहतो.

काहींमध्ये तो जादा ऑक्सिजनमुळेच वाढतो. फुफ्फुसाच्या ज्या भागात हवा पोचत नाही तिथल्या रक्तवाहिन्या शरीर आवळून धरतं. ऑक्सिजन भरपूर झाला की त्या सैल पडतात आणि रक्त पुन्हा त्या निकामी भागाकडे वळतं. ऑक्सिमीटरला यातलं काहीच दिसत नाही. म्हणून ज्यांना हा धोका आहे त्यांच्यासाठी ८८ ते ९२ हेच लक्ष्य असतं. अशा पेशंटच्या ९७ वर खूश होणारे नातेवाईक पाहिले की जीव तुटतो. कार्बन डायऑक्साइड साठल्याच्या खुणा अशा : सकाळी डोकं जड, हात थरथरणं, बोलण्यात घोळ, दिवसा पेंग. "आज छान झोपलेत, उठवू नका" या वाक्याची मला सगळ्यात जास्त भीती वाटते. हलवूनही नीट जागे होत नसतील तर तडक दवाखाना गाठा, आणि घाबरून ऑक्सिजन एकदम काढू नका.

रात्री फ्लो वाढवणं चूकच असतं असं नाही. ज्यांचा कार्बन डायऑक्साइड साठत नाही त्यांना डॉक्टर रात्री एक लिटर वाढवून देतातही. पण ते एबीजी पाहून, म्हणजे मनगटाच्या धमनीतलं रक्त तपासून ठरवायचं. सुई दुखते, तरी तिला पर्याय नाही. त्यात कार्बन डायऑक्साइड साधारण ३५ ते ४५ (mmHg) असावा. २०१७ साली ब्रिटनमधला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातल्या पेशंटचा हा आकडा सीओपीडीचा मोठा अटॅक ओसरून दोन-चार आठवडे झाले तरी ५३ च्या वर होता. नुसत्या घरच्या ऑक्सिजनवर पुन्हा भरती किंवा मृत्यू येईपर्यंतचा मध्यम काळ १.४ महिने भरला, सोबत रात्री बायपॅपसारखं मशीन दिलं तर ४.३ महिने.

आणि कृपा करून बायपॅपच्या मास्कवरची बारीक भोकं चिकटपट्टीने बुजवू नका. "ऑक्सिजन वाया जातोय" म्हणून बुजवलेली मी पाहिली आहेत. सोडलेला श्वास तिथूनच बाहेर पडतो. ती बंद केली की जो कार्बन डायऑक्साइड काढायला मशीन आणलं, तोच पेशंट परत आत ओढतो.

पुढच्या तपासणीला जाताना रात्रीचा फ्लो कागदावर लिहून न्या आणि डॉक्टरांना सरळ विचारा : या फ्लोवर रात्र काढल्यावर सकाळची एबीजी करायची का?