१६.७ मिलिसेकंदांत अडतं कुठं?

जुन्या गेमिंग कॉम्प्युटरवर नवा गेम अडखळायला लागला की सगळ्यांची नजर आधी ग्राफिक्स कार्डाकडे वळते. पैसे मोजकेच असतील तर जरा थांबलेलं बरं.

सेकंदाला ६० फ्रेम (पडद्यावर एकामागून एक येणारी चित्रं) हव्या असतील तर एका फ्रेमच्या वाट्याला १६.७ मिलिसेकंद येतात. शत्रू कुठे आहे, गोळी कुणाला लागली, पडद्यावर काय दिसणार, हे सगळं प्रोसेसर ठरवतो आणि कार्डाला तसा हुकूम सोडतो. कार्ड मग पिक्सेल रंगवत बसतं. कार्ड एक फ्रेम रंगवत असताना प्रोसेसर पुढच्या फ्रेमच्या तयारीला लागलेला असतो, त्यामुळे वेग ठरतो तो दोघांपैकी जो हळू त्याच्यावर. प्रोसेसरलाच फ्रेममागे २५ मिलिसेकंद लागत असतील तर कार्ड कितीही तगडं आणा, आकडा ४० च्या वर जाणार नाही.

हळू कोण, हे फुकटात कळतं. व्ही-सिंक (फ्रेमचा वेग पडद्याच्या वेगाशी बांधणारी सोय) बंद करून गेमचं रिझोल्युशन १९२० बाय १०८० वरून १२८० बाय ७२० वर आणायचं. पिक्सेल सुमारे २०.७ लाखांवरून ९.२ लाखांवर येतात. कार्डाचं ओझं निम्म्याहून जास्त उतरतं, प्रोसेसरचं जवळपास तेवढंच राहतं. फ्रेम भराभर वाढल्या तर अडत होतं कार्डापाशी. आकडा जागचा हलला नाही, तर दोष प्रोसेसरचा किंवा त्याला माहिती पुरवणाऱ्या रॅमचा.

या रॅमकडे लोक फार कमी लक्ष देतात. ती किती जीबी आहे एवढंच पाहिलं जातं, किती पट्ट्या आहेत हे नाही. डीडीआर४-३२०० प्रकारच्या रॅमची एक पट्टी सेकंदाला जास्तीत जास्त २५.६ जीबी माहिती पुरवू शकते. योग्य स्लॉटमध्ये तशीच दुसरी लावली की दोन मार्ग उघडतात आणि ही मर्यादा ५१.२ जीबी होते. फ्रेम काही दुप्पट होत नाहीत, पण अधूनमधून बसणारे झटके बरेचदा कमी होतात. शिवाय बायोसमध्ये (मदरबोर्डच्या मूळ सेटिंग्जमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅमला तिच्या छापील वेगाने चालवणारी सोय, चालू केलेली नसेल तर ३२०० ची रॅम वर्षानुवर्षं २१३३ किंवा २४०० वर रखडत असते. हा वेग तर आधीच विकत घेतलेला असतो!

हार्ड डिस्क असेल तर ती बदलाच. मिनिटाला ७२०० फेरे घेणारी तबकडी हवी ती जागा डोक्याखाली यायला सरासरी ४ मिलिसेकंद घेते, डोकं सरकण्याचा वेळ वेगळा. चिपांवर माहिती साठवणाऱ्या एसएसडीत फिरणारं काहीच नाही. हार्ड डिस्कच्याच साटा जोडणीवर चालणारी साधी एसएसडीही पुरते. गेम लोड होण्याच्या वेळेत महागड्या, जास्त वेगवान एनव्हीएमई एसएसडीने पुढे फारसा फरक पडत नाही.

प्रोसेसर बदलताना सॉकेटचं (मदरबोर्डवर प्रोसेसर बसतो त्या जागेचं) नाव जुळलं म्हणून निश्चिंत होऊ नये. इंटेलच्या सहाव्या-सातव्या आणि आठव्या-नवव्या पिढ्यांच्या सॉकेटचं नाव एकच, एलजीए ११५१. तरी सहाव्या-सातव्या पिढीसाठीचे बोर्ड पुढच्या प्रोसेसरना अधिकृतपणे घेत नाहीत. एएमडीचा एएम४ सॉकेट याबाबतीत उदार निघाला. २०१७ च्या पहिल्या रायझनसाठी निघालेल्या अनेक बोर्डांवर बायोस अपडेट करून २०२२ चा रायझन ५८००एक्स३डी प्रोसेसर चालतो. त्याची ९६ एमबी एल३ कॅशे (प्रोसेसरमधलीच वेगवान मेमरी) गेमना चांगलीच मानवते, कारण रॅमपर्यंतच्या फेऱ्याच वाचतात.

कार्डच घ्यायचं ठरलं तर त्याच्या पीसीआय एक्सप्रेस लेन, म्हणजे कार्ड आणि मदरबोर्ड यांच्यात माहिती नेणारे मार्ग, किती ते बघा. एएमडीचं आरएक्स ६५०० एक्सटी हे कार्ड फक्त ४ लेन वापरतं. पीसीआय एक्सप्रेस ३.० च्या जुन्या बोर्डावर त्या लेनचा वेग निम्मा होतो आणि कार्डाची ४ जीबी मेमरी भरली की गेम गचके खातो. तोच गेम पीसीआय एक्सप्रेस ४.० च्या नव्या बोर्डावर बरा चालतो. म्हणून चाचण्यांचे आकडे वाचताना बोर्ड कुठला होता तेही वाचावं.

पॉवर सप्लायचंही पाहून घ्या. स्लॉटमधून कार्डाला ७५ वॉट मिळतात, ६ पिनच्या जोडणीतून आणखी ७५, ८ पिनच्या जोडणीतून १५०. जुन्या, हलक्या सप्लायला अशी जोडणीच नसेल तर ७५ वॉटच्या आतलं कार्ड घ्या, किंवा सप्लायचा खर्च आधीच धरून ठेवा.